टाळेबंदी, कागद आणि मालाडचा श्रमिक

मालाड, विशेष प्रतिनिधी

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली आणि रात्री बारापासून ती अमलात आली. मध्ये अवघे चार तास होते. ज्यांच्या घरात महिन्याचे वाणसामान भरलेले होते आणि ज्यांचा पगार महिनाअखेरीस बँकेत जमा होणार होता, त्यांना हे चार तास पुरेसे होते. ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या मजुरीतून पाव किलो तेल आणि किलोभर तांदूळ येतात, त्यांच्या दृष्टीने चार तास आणि चार मिनिटे यांत फारसा फरक नव्हता. मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्या त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून, सर्वसामान्यांसाठी थांबल्या होत्या. त्यामुळे शहरातील कष्टकऱ्यांच्या मिळकतीला खीळ प्रत्यक्ष घोषणेपूर्वीच बसली होती.

या घटनेला आता बरीच वर्षे उलटली आहेत. साथ ओसरली, मुखपट्ट्या उतरल्या आणि त्या दिवसांच्या आठवणी काढण्यासही कोणी फारसे उत्सुक नसते. तथापि एक प्रश्न तसाच शिल्लक राहिला आहे. लोकांचे जीव वाचवण्यासाठी सरकार जेव्हा कामधंदा बंद करते, तेव्हा त्या बंदचा खर्च कोणी सोसायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मालाडसारखे दुसरे उपनगर क्वचितच सापडेल.

दोन मालाड

रेल्वेरुळांच्या पश्चिमेस लिंक रोडवर माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती, मॉल आणि एव्हरशाइन नगरची गृहसंकुले आहेत. तेथून रिक्षाने थोडे पुढे गेले की मालवणीच्या वस्त्या लागतात. शहराच्या अन्य भागांतून हटवलेल्या झोपडीवासीयांना सरकारने येथे जागा दिल्या आणि त्यांतून वस्ती वाढत गेली. 'कलेक्टर कंपाउंड' हे तेथील नावच पुरेसे बोलके आहे. त्यापलीकडे अंबुजवाडी आणि मार्वे, मढ येथील कोळीवाडे आहेत. रुळांच्या पूर्वेस कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा या वस्त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत चढत गेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिकेच्या तेव्हाच्या 'पी उत्तर' विभागात, म्हणजेच मालाड परिसरात, ९ लाखांहून अधिक लोक राहत होते. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या मुख्य शहरांची लोकसंख्याही एवढी नाही.

ही दोन मालाडे एकमेकांवाचून एक दिवसही चालत नाहीत. संकुलातील धुणीभांडी, स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, गाड्या धुणे, इस्त्री, सुरक्षा, भाजीची हातगाडी आणि स्थानकापर्यंतची शेअर रिक्षा या साऱ्यांमागचे हात वस्त्यांतून येतात. नाक्यावर उभे राहणारे गवंडी, रंगारी, बिगारी तिथलेच. मढच्या बंगल्यांत आणि शेजारच्या गोरेगावच्या चित्रनगरीत होणाऱ्या चित्रीकरणासाठी रोजंदारीवर जाणारे स्पॉटबॉय आणि सेटवरचे सुतारही याच परिसरातले. टाळेबंदीने या दोन मालाडांमधील दरवाजा बंद केला. एका बाजूस काम घरातूनच संगणकावर सुरू राहिले आणि दुसऱ्या बाजूस ते पूर्णतः थांबले. पुढे निर्बंध शिथिल झाल्यावरही अनेक गृहनिर्माण संस्थांनी घरकामगार महिलांना प्रवेश नाकारला. संस्थांना असे परस्पर नियम करता येणार नाहीत, हे २०२० च्या जूनमध्ये राज्य सरकारला स्पष्ट करावे लागले होते.

घरात राहण्याच्या आदेशाचा अर्थही दोन्हीकडे सारखा नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे दिवसपाळी आणि रातपाळी करणारे झोपेसाठीही पाळ्या लावतात. शौचालय सामायिक, पाण्याचा नळ सामायिक. जुलै २०२० मध्ये महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईतील तीन विभागांत केलेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के नमुन्यांत विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. मालाड त्या तीन विभागांत नव्हते. पण दहिसर, चेंबूर आणि माटुंगा परिसरातील वस्त्यांचे जे चित्र दिसले, ते कुरार किंवा मालवणीत फार निराळे असण्याचे कारण नाही. याच सुमारास, जून २०२० मध्ये, मालाडसह उत्तरेकडील उपनगरांत रुग्ण वाढू लागल्याने महापालिकेला 'मिशन झिरो' ही शीघ्र कृती मोहीम हाती घ्यावी लागली होती. म्हणजेच ज्यांनी मिळकत गमावून टाळेबंदीची सर्वांत मोठी किंमत मोजली, त्यांनाच तिचे संरक्षण सर्वांत कमी लाभले.

धान्य होते, शिधापत्रिका नव्हती

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २६ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्राने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांना दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्य आणि प्रत्येक कुटुंबास एक किलो डाळ, असे तिचे स्वरूप होते. पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळून मोफत धान्याचा हा उपक्रम, मधल्या काही महिन्यांचा खंड वगळता, डिसेंबर २०२२ पर्यंत चालला. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. राज्य सरकारने शिवभोजन थाळीचा दर १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणला आणि थाळ्यांची संख्याही वाढवली. केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी मे आणि जून २०२० मध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलो दराने देण्यात आले.

मदत देण्याची इच्छा होती, गोदामांत धान्यही होते. अडचण होती ती ज्या यादीतून धान्य वाटायचे त्या यादीची. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची कमाल संख्या सुमारे ७ कोटी ठरलेली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के, तर शहरी भागातील केवळ ४५.३४ टक्के लोकसंख्या तिच्या कक्षेत येते. शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये होती. महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी मिळकतीत मुंबईत चौघांचे कुटुंब कसे चालते, याचा हिशेब मांडण्याचे कारण नाही. या मर्यादेच्या किंचित वर असणारे, पण एका महिन्याची मजुरी बुडाली की थेट उपासमारीला भिडणारे, असे हजारो संसार मालाडच्या वस्त्यांत आहेत. सरकारदरबारी ते गरीब नव्हते.

दुसरी अडचण स्थलांतरितांची. उत्तर प्रदेश, बिहारमधून किंवा मराठवाडा, विदर्भातून आलेल्या मजुराची शिधापत्रिका गावी असते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर असते आणि तिच्यावरचे धान्य तेथील कुटुंब उचलते. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत महाराष्ट्र आणि गुजरात ऑगस्ट २०१९ पासूनच परस्परांशी जोडले गेले होते. उत्तर प्रदेश आणि बिहार मात्र १ मे २०२० रोजी या जाळ्यात आले. तोपर्यंत टाळेबंदीचे पाच आठवडे उलटले होते. शिधापत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी माणशी पाच किलो धान्याची तरतूद केंद्राने मे महिन्याच्या मध्यास जाहीर केली. तोवर अनेक जण पायी निघालेही होते.

या विलंबाचा परिणाम त्या वेळच्या एका अहवालात स्पष्ट दिसतो. 'स्ट्रँडेड वर्कर्स अ‍ॅक्शन नेटवर्क' या स्वयंसेवी गटाने ११ हजारांहून अधिक अडकलेल्या मजुरांशी दूरध्वनीवरून संपर्क साधून एप्रिल २०२० च्या मध्यास आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील ९६ टक्के मजुरांना सरकारकडून शिधा मिळालेला नव्हता, ८९ टक्क्यांना मालकाने टाळेबंदीच्या काळातील वेतन दिलेले नव्हते आणि निम्म्या जणांकडे एका दिवसापेक्षाही कमी पुरेल इतकेच धान्य उरले होते. हे मदतीसाठी फोन करणारे मजूर असल्याने त्यांची स्थिती इतरांहून बिकट असणार, हे मान्य केले तरी या आकड्यांचे गांभीर्य कमी होत नाही. टाळेबंदी वाढवल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, १४ एप्रिलला, वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांचा मोठा जमाव का उसळला, याचे उत्तर अफवांइतकेच या रिकाम्या डब्यांतही शोधावे लागते. आणि ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडनजीक रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली, तेव्हा जालन्याहून भुसावळकडे ते चालत का निघाले होते, या प्रश्नाचे उत्तरही निराळे नाही.

पंधराशे रुपयांची यादी

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा राज्य सरकारने पहिल्या वर्षाचा धडा काही अंशी घेतला होता. १३ एप्रिलला 'ब्रेक द चेन'चे निर्बंध जाहीर करतानाच ५,४७६ कोटी रुपयांचे अर्थसाहाय्यही जाहीर झाले. निर्बंध आणि मदत एकाच भाषणात येणे, हीच मुळात मोठी सुधारणा होती. सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांना महिनाभर मोफत धान्य, शिवभोजन थाळी मोफत, तसेच नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आदिवासी कुटुंबांना २,००० रुपये, असा तो आराखडा होता.

आता या यादीतील विशेषणे पाहावीत. नोंदणीकृत, अधिकृत, परवानाधारक. सारा प्रश्न या तीन शब्दांत साठलेला आहे.

रिक्षाचे उदाहरण घेऊ. परवाना ज्याच्या नावावर असतो तो मालक. मालवणीतील कितीतरी चालक दुसऱ्याची रिक्षा दिवसाच्या भाड्याने, पाळीवर चालवतात. त्यांच्याकडे बिल्ला असतो, परवाना नसतो. प्रवासी घटल्याचा फटका चालकाला बसला. मदत मात्र परवान्याच्या मागे गेली. फेरीवाल्यांची कथा तर याहून जुनी आहे. पथविक्रेत्यांविषयीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी महापालिकेने केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि छाननीअंती त्यांतील सुमारे १५ हजारच पात्र ठरले. अधिवासाच्या दाखल्यापासून अनेक अटींत बाकीचे गळले. मालाड स्थानकाबाहेर वर्षानुवर्षे बसणारी भाजीवाली या गणितात बहुधा अस्तित्वातच नसते.

बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा १९९६ मध्ये आला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. मार्च २०२० मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्यांना हा निधी वापरण्याची सूचना केली, तेव्हा देशभरातील मंडळांकडे मिळून सुमारे ५२ हजार कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले होते. महाराष्ट्राने २०२० मध्ये नोंदणीकृत मजुरांना आधी २,००० आणि मग ३,००० रुपये दिले. पण नोंदणीसाठी वर्षातून ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. रोज निराळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या नाका कामगाराला ते कोणी द्यायचे? शिवाय २०२१ च्या निर्बंधांत मजूर जेथे कामाच्या जागीच राहतात तेथेच बांधकामास मुभा होती. नाक्यावरचा मजूर साइटवर राहत नाही. त्यामुळे तो कामालाही मुकला आणि नोंदणी नसल्यास मदतीलाही.

घरकामगारांसाठीचा राज्याचा कायदा २००८ चा. वयाची अट १८ ते ६०, आणि नोंदणी वेळोवेळी नूतनीकृत करणे आवश्यक. मदतीची घोषणा करताना राज्याने २५ लाख घरकामगारांचा उल्लेख केला होता. मंडळाकडील चालू नोंदणी त्याच्या जवळपासही नव्हती. चार घरची कामे करणाऱ्या बाईला नोंदणीसाठी एक दिवस मोडावा लागतो, मालकिणीची सही आणावी लागते आणि बदल्यात काय मिळेल याची खात्री नसते. अशा स्थितीत ती नोंदणी करत नाही, याचा दोष तिला देता येणार नाही. घरकामगार ठेवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या अर्जावर सही करण्याची तयारी स्वतःहून दाखवली, हाही प्रश्न विचारावा लागेल.

छप्पर आणि भाडे

अन्नानंतरची सर्वांत मोठी चिंता भाड्याची. २९ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशात मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये आणि त्यांना पूर्ण वेतन द्यावे, असे म्हटले होते. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना घरमालकांना दिली. हेतू चांगला होता. पण झोपडपट्टीतील भाडेव्यवहार तोंडी असतो किंवा अकरा महिन्यांच्या साध्या कागदावर. मालक कित्येकदा वस्तीतलाच, एका खोलीच्या भाड्यावर स्वतःची चूल पेटवणारा. त्याला सूचना लागू करायची कोणी आणि त्याचे नुकसान भरून द्यायचे कोणी, याविषयी काहीच व्यवस्था नव्हती. वेतनाबाबतचा आदेशही १८ मेपासून मागे घेण्यात आला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत तडजोड करावी, असे सुचवले. भाडे माफ झाले नाही, केवळ साचत गेले. थकलेले भाडे अनामत रकमेतून वळते झाले आणि ती संपल्यावर अनेकांनी खोली सोडून गावचा रस्ता धरला.

जे राहिले, त्यांच्या डोक्यावरचे छप्परही भक्कम नव्हते. ९ जून २०२१ च्या रात्री, पावसाळ्याच्या पहिल्याच मोठ्या पावसात, मालवणीच्या न्यू कलेक्टर कंपाउंडमध्ये एक घर शेजारच्या घरावर कोसळले आणि १२ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ८ मुले होती. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्यापूर्वी २ जुलै २०१९ रोजी पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून ३० हून अधिक जणांचे प्राण गेले होते. मालाडच्या वस्त्यांना कागदाची किंमत या दुर्घटनांतून आधीच कळलेली आहे. पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०००, १ जानेवारी २०११ अशा पात्रतेच्या तारखा ठरतात. तारखेच्या अलीकडचा पात्र आणि पलीकडचा अपात्र. साथीने हीच विभागणी धान्य आणि रोख मदतीलाही लावली.

आधीच्या साथीचा धडा

मुंबईला हा अनुभव नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचा रुग्ण आढळला आणि काही महिन्यांतच लाखो लोक शहर सोडून कोकण, घाट आणि त्यापलीकडे निघून गेले. साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ मध्ये आला तो याच पार्श्वभूमीवर; आणि १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने वापरला तोही हाच कायदा. सव्वाशे वर्षांनंतरही त्यात सरकारला माणसे तपासण्याचे, अडवण्याचे आणि अलग ठेवण्याचे अधिकार होते; अडवलेल्या माणसाच्या पोटाची जबाबदारी कोणावर, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

प्लेगच्या वेळी एक गोष्ट मात्र निराळी घडली होती. मजूर निघून गेल्याने गिरण्या बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा महिना उलटून गेल्यावर पगार देणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. कामगार दुर्मीळ झाला की त्याची किंमत कळते. २०२० च्या उत्तरार्धात बांधकाम व्यावसायिक गावी गेलेल्या मजुरांना परत आणण्यासाठी तिकिटे काढून देऊ लागले, तेव्हा त्याच इतिहासाची पुनरावृत्ती होत होती. दोन्ही वेळी ही जाणीव साथ सरताच विरून गेली.

न्यायालयांनी पुढे काही दुरुस्त्या घडवल्या. २६ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली आणि २८ मे रोजी मजुरांकडून प्रवासभाडे घेऊ नये, असा आदेश दिला. २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांच्या नोंदणीचे संकेतस्थळ, शिधापत्रिकेची देशभर वैधता आणि सामुदायिक स्वयंपाकघरे याविषयी निर्देश दिले गेले. त्यानुसार २६ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-श्रम' संकेतस्थळ सुरू झाले. पण एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयासमोर असे दिसून आले की, ई-श्रमवर नोंद असलेल्या सुमारे ८ कोटी व्यक्तींकडे शिधापत्रिकाच नाही. सरकारच्या एका वहीत नाव होते, दुसऱ्या वहीत नव्हते आणि दोन्ही वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

महाराष्ट्राच्या शिदोरीत काय आहे?

या प्रश्नावर परदेशांकडे पाहण्याची सवय आपल्याला आहे. ब्राझीलने असंघटित कामगारांना थेट मासिक रक्कम दिली, अमेरिकेने नागरिकांच्या खात्यांत धनादेश पाठवले, हे खरे. देशातही केरळने १९ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच, २० हजार कोटींची योजना जाहीर केली आणि कुटुंबश्रीच्या महिला गटांच्या साहाय्याने सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. तथापि या बाबतीत महाराष्ट्राची स्वतःची शिदोरीही लहान नाही.

१९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमीचा प्रयोग व्यापक प्रमाणावर राबवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिचे मर्म असे की, काम मागणाऱ्याकडे गरिबीचा दाखला मागितला जात नसे. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे तो गरजू, एवढा साधा निकष होता. आणि या योजनेचा खर्च भागवण्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा कापले जाणारे २०० रुपये मुळात दुष्काळी भागातील मजुरासाठी सुरू झाले, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. शहराने गावासाठी कर भरला. शहरातल्या मजुरावर मात्र संकट कोसळले तेव्हा त्याच्यासाठी अशी कोणतीही हमी नव्हती. दुष्काळात काम देता येते, साथीत काम देणेच धोक्याचे असते, हा फरक खराच. म्हणूनच येथे कामाच्या जागी धान्य आणि रोख रक्कम येते, पण 'मागेल त्याला' हे तत्त्व तेच राहू शकते.

दुसरे उदाहरण १९६९ च्या माथाडी कायद्याचे. माथाडी कामगार एका मालकाचा नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. म्हणून कायद्याने मालकाऐवजी मंडळ मध्यस्थानी आणले. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, वैद्यकीय लाभ देते. या व्यवस्थेत कालांतराने गैरप्रकार शिरले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अनेक मालकांकडे काम करणाऱ्या माणसाचीही नोंद ठेवता येते, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले. घरकामगार, नाका कामगार आणि चित्रीकरणावरचे रोजंदार यांच्यासाठी हीच वाट मोकळी आहे.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कागद न पाहता मदत दिली तर गैरफायदा घेतला जाईल. तो काही प्रमाणात घेतला जाईलही. परंतु पाच किलो जाडा तांदूळ आणि गहू घेण्यासाठी रांगेत दोन तास उभे राहणाऱ्यांत श्रीमंत माणूस कितीसा असेल? अपात्राला धान्य गेल्याचे नुकसान काही रुपयांचे असते. पात्र माणूस वगळला गेला तर तो करमाडच्या रुळांपर्यंत जातो. दोन्ही चुकांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. राज्याचे उत्पन्न घटलेले असताना खर्च वाढवायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण खर्च झाला नाही असे नाही. तो केवळ सरकारच्या हिशेबवहीत दिसला नाही. सावकाराचे कर्ज, गहाण टाकलेले मंगळसूत्र, शाळा सुटलेला मुलगा आणि अर्धवट राहिलेले औषधपाणी या रूपाने तो मालवणी आणि कुरारच्या घराघरांनी केला. बंदचा लाभ सर्व शहराला झाला असेल, तर त्याची किंमत एकाच वर्गाने चुकती करावी, याला न्याय म्हणता येणार नाही.

टाळेबंदीच नको होती, असा या लेखाचा सूर नाही. मार्च २०२० मध्ये रुग्णालयांत खाटा नव्हत्या, विषाणूविषयी माहिती तुटपुंजी होती आणि काही काळ व्यवहार थांबवणे अपरिहार्य होते. मतभेद आहे तो क्रमाबाबत. आधी बंद आणि मग मदत हा क्रम उलटला पाहिजे.

पुढच्या वेळेसाठी

त्यासाठी करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत आणि त्या शांततेच्या काळातच करता येण्याजोग्या आहेत. आपत्तीच्या काळात स्वयंघोषणापत्रावर किमान तीन महिने धान्य मिळेल, अशी कायमची तरतूद राज्याने करून ठेवावी. तिच्यासाठी दर वेळी नवा शासन निर्णय लागू नये. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात असंघटित कामगारांची नोंदवही असावी आणि नोंदणी रविवारी, वस्तीत जाऊन, मालकाच्या सहीऐवजी दोन सहकाऱ्यांच्या साक्षीवर व्हावी. ई-श्रम, बांधकाम मंडळ, घरकामगार मंडळ आणि शिधावाटप कार्यालय यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या जाव्यात. पालिका शाळांची स्वयंपाकाची सोय आणि महिला बचत गट यांचा आराखडा प्रत्येक विभागासाठी तयार असावा. भाडे पुढे ढकलण्याच्या सूचनेबरोबरच लहान घरमालकासाठी अंशतः भरपाई असावी. आणि निर्बंध लावण्यापूर्वी, जीवितास तत्काळ धोका नसेल तेथे, किमान काही दिवसांची पूर्वसूचना द्यावी. म्हणजे ज्याला गावी जायचे आहे तो रुळांवरून न जाता रेल्वेने जाईल.

यांतील काही गोष्टींसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवण्याचे बंधन घालणारा १९७९ चा केंद्रीय कायदा टाळेबंदीच्या वेळी अस्तित्वात होताच. त्याची अंमलबजावणी नीट झाली असती, तर मार्च २०२० मध्ये निदान किती माणसे कोठे अडकली आहेत एवढे तरी सरकारला सांगता आले असते. आता तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत सामावला आहे. संहितेचे भवितव्यही जुन्या कायद्यासारखेच होणार की काय, हे राज्याच्या आणि महापालिकेच्या तयारीवर ठरेल.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती साथ असेल, पूर असेल किंवा आणखी काही. शहर बंद ठेवण्याची वेळ पुन्हा येणार, हे गृहीत धरावेच लागेल. त्या दिवशी मालवणीच्या गल्लीत राहणाऱ्या बाईचे नाव कोणत्या वहीत सापडेल? चार तासांत याद्या तयार होत नाहीत. त्या आज तयार झाल्या नाहीत, तर त्या रात्रीही आठ ते बारा एवढाच अवधी तिच्या हाती असेल.